गॅरेजच्या भिंतीवरचे दोन दिवे

घरातला दिवा घरच्या माणसांचा असतो, पण बाहेरच्या भिंतीवरचा दिवा सगळ्यांचा. त्याच्या उजेडात पहाटे दूधवाला येतो, रात्री उशिरा शेजारी वाट काढतो, कुत्रं येऊन अंग टाकतं. आणि त्या भिंतीला हातही सगळ्यांचेच लागतात. छत्री टेकवणारी बाई, चपलेतला खडा काढायला क्षणभर टेकणारा पोस्टमन, लपाछपी खेळणारी मुलं. यातल्या कुणालाही त्या दिव्याची वायर कुठून आली आहे हे माहीत नसतं. त्यांनी ते माहीत करून घ्यावं अशी अपेक्षाही नाही.

दिव्याच्या उजेडावर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलंय. वायरीवर मात्र कुणी लिहीत नाही. म्हणून आज थोडं वायरीबद्दल. घाबरू नका मंडळी, मी मराठीची बाई, विज्ञानाचा तास काही घेणार नाही. (म्हणजे, अगदी थोडासाच घेईन!)

आमचं घर चिपळूणपासून जवळच, उतारावर. इथला पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. घराच्या कडेला चिऱ्याची एक खोली बांधलेली आहे, तिला आम्ही गॅरेज म्हणतो. समोर लोखंडी शटर, आत गाडी, आणि गाडीपेक्षा जास्त अडगळ. ज्यांनी जांभ्याची भिंत पावसाळ्यात पाहिली आहे त्यांना सांगायला नको. चिरा पाणी पितो. जूनमध्ये एकदा भिजला की गणपतीपर्यंत काही सुकत नाही. हात लावला तर ओला लागेलच असं नाही, पण आत ओल असतेच.

या भिंतीवर दोन दिवे आहेत. एक शटरवर आणि दुसरा बाजूला, जिथून विहिरीकडे पायवाट जाते तिथे. रत्नागिरी जिल्ह्यात राहणाऱ्याला बाहेरचा दिवा कशाला, असं कुणी विचारणार नाही. फुरसं हे एकच उत्तर पुरे आहे. तपकिरी दगडावर तपकिरी साप, तोही वीतभर. अंधारात पाय पडला की संपलं. तेव्हा हे दिवे म्हणजे शोभा नाही, गरज आहे.

तर झालं असं. २०२४ च्या जुलैत आमच्या घरातली वीज सारखी जायला लागली. महावितरणची नव्हे, फक्त आमची. (एमएसईबीचे भाग पडून महावितरण झाली त्याला २००५ पासून किती वर्षं झाली, पण आमच्याकडे अजून 'बोर्डाची लाइट गेली' असंच म्हणतात!) शेजारी दिवे चालू, आमच्याकडे अंधार. मेन बोर्डावर तो एक रुंद खटका असतो ना, ज्याच्यावर 'टेस्ट' असं लिहिलेलं छोटं बटण असतं, तो पडायचा. त्याचं नाव आरसीसीबी, बोलताना बहुतेक लोक ईएलसीबी म्हणतात. उचलला की कधी तासभर टिकायचा, कधी पाच मिनिटं. गंमत म्हणजे बऱ्याचदा भरदुपारी पडायचा, बाहेरचे दिवे बंद असताना. त्यामुळे त्यांच्यावर कुणाचा संशय गेला नाही. फ्रीज, गीझर, मिक्सर, सगळ्यांवर आळ येऊन गेला. दोनदा दूध नासलं तेव्हा हेसुद्धा वैतागले.

आणि मग सल्ले सुरू झाले. "आमच्याकडे पण असाच पडायचा. वायरमनने तो काढून डायरेक्ट करून दिलं. तेव्हापासून काही त्रास नाही." हे वाक्य त्या आठवड्यात मी तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलं. तिघंही सुशिक्षित, तिघंही आमचं भलं चिंतणारे. 'काही त्रास नाही' हे शब्द मात्र माझ्या डोक्यात राहिले. वर्गात एखादा मुलगा सारखा हात वर करतो, त्याला बाहेर काढलं की वर्ग शांत होतो. पण तो कशासाठी हात वर करत होता, हा प्रश्न तसाच उरतो.

मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. परवानाधारक वायरमन आहे, तालुक्यात नाव आहे त्याचं. शाळेत त्याचं माझ्या विषयाशी फारसं जमलं नाही, पण हाताला वळण तेव्हापासून. संध्याकाळी आला. मी म्हटलं, "अरे, सगळे म्हणतात हा खटका काढून टाका."

तो हसला. म्हणाला, "बाई, तो पडतोय म्हणजे त्याला काहीतरी दिसलंय. आधी ते बघू."

त्याने सगळे एमसीबी खाली केले, मुख्य खटका वर केला आणि मग एकेक एमसीबी उचलत गेला. स्वयंपाकघर, ठीक. माजघर, ठीक. गॅरेजचा उचलला आणि खट्! पाच मिनिटांत चोर सापडला. मग गॅरेजची बाजू बंद करून, शिडी लावून त्याने शटरवरचा दिवा उघडला. आतून अर्धी वाटी पाणी, एक मेलेली पाल आणि बरंच काही बाहेर आलं. ते 'बरंच काही' सांगण्यासाठीच हा लेख. हे दिवे काही वर्षांपूर्वी रंगकामाच्या वेळी आलेल्या एका माणसाने बसवले होते. त्याचं नाव-गाव सांगून उपयोग नाही, कारण असं काम करणारा तो एकटा नाही.

पहिली गोष्ट, वायर वरून आत घेतलेली. पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत येतं आणि वायर जिथे नेईल तिथे जातं. वरून आत गेलेली वायर म्हणजे दिव्यात पाणी सोडणारी पन्हळच. वायर खालून किंवा बाजूने घ्यायची, आणि आत शिरण्याआधी तिला खाली थोडा झोळ द्यायचा. मग पाणी झोळाच्या टोकाशी येतं आणि पागोळीसारखं खाली गळून जातं. एवढं सोपं. छपराला पागोळ्या का असतात हे कोकणातल्या माणसाला शिकवायला लागू नये, पण वायरीच्या वेळी आपण ते विसरतो.

दुसरी गोष्ट, जोड. दोन वायरी पिळून त्यावर काळी चिकटपट्टी. घरात ती काही वर्षं टिकते. बाहेर उन्हात तिचा डिंक वितळतो, पावसात ती सुटते. बाहेरचा जोड कनेक्टरमध्ये स्क्रूने आवळलेला आणि झाकणाच्या, रबरी सीलच्या बंद डबीतच हवा. वायर जिथून डबीत शिरते तिथे ग्लँड हवी, म्हणजे पाणीही जात नाही आणि पालही.

तिसरी गोष्ट, स्विच. स्विचने फेजची वायर तोडायची असते. इथे त्याने न्यूट्रल तोडला होता. दिवा लागतो आणि विझतोही, त्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही. पण विझलेल्या दिव्यातही फेज येऊन बसलेला असतो. आता कळलं, खटका भरदुपारी का पडायचा ते! दिवा बंद होता, वीज बंद नव्हती. आणि विचार करा, स्विच बंद आहे म्हणून कुणी निर्धास्तपणे दिवा पुसायला गेलं असतं तर? तुमच्याकडे एखादा एलईडी दिवा बंद केल्यावरही रात्री मिणमिणत असेल तर एकदा हे तपासून घ्या. त्याला दुसरीही कारणं असतात, पण हे एक मोठं.

चौथी गोष्ट बघून मात्र माझा विद्यार्थीसुद्धा गप्प झाला. दिव्याचं अंग पत्र्याचं. आत अर्थिंगच्या खुणेचा स्क्रू. पाइपातून हिरवी वायर तिथपर्यंत आलेली. आणि ती वायर कापून, मागे दुमडून ठेवलेली. दोन वायरींवर दिवा लागतो, तिसरीचं काय काम, असा हिशोब असणार.

मी विचारलं, "मग अर्थिंगच नव्हतं तर वीज जात कुठे होती?"

त्याने भिंतीवर हात ठेवला. "इथून, बाई. ओल्या चिऱ्यातून खाली. भिंतच अर्थिंगचं काम करत होती."

त्याच भिंतीत शटरची लोखंडी चौकट बसवलेली आहे. शटर रोज आम्ही उघडतो. नात सुट्टीत आली की त्याच भिंतीवर चेंडू आपटत बसते. आणि शेजारी म्हणत होते, खटका काढून टाका.

आता थोडासा तास. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर म्हणायचे, ओहमचा नियम न समजण्याचं काही कारण नाही, तो शाळामास्तरानेच शोधलाय! खरंच, जर्मनीतला गेऑर्ग ओहम कोलोनच्या शाळेत शिकवत असे, आणि १८२७ साली त्याने पुस्तकातून तो नियम मांडला. दाब भागिले रोध म्हणजे प्रवाह. आपल्या घरातला दाब २३० व्होल्ट. ओल्या अंगाचा रोध ढोबळमानाने १००० ओहम धरा. भागाकार केला की २३० मिलिअँपिअर. माणसाला एका मिलिअँपिअरला मुंग्या जाणवतात. दहाच्या आसपास हात आखडतो, धरलेली वस्तू सोडता येत नाही. तीसच्या पुढे प्रवाह छातीतून काही क्षण वाहत राहिला तर हृदयाची लय बिघडू शकते. आणि ९ वॅटचा एलईडी दिवा किती घेतो? ९ भागिले २३०, म्हणजे साधारण ४० मिलिअँपिअर. एका लहानशा दिव्याला जेवढी वीज लागते, तेवढी माणूस जायला पुरेशी आहे. 'छोटाच तर दिवा आहे' म्हणणाऱ्यांसाठी मी हा भागाकार पाठ करून ठेवलाय.

मग एमसीबी काय करतो? दिव्यांच्या लाइनवर तो बहुधा ६ अँपिअरचा असतो, म्हणजे ६००० मिलिअँपिअर. तीसच्या दोनशे पट! एमसीबी वायरीला वाचवतो, जास्त भाराने ती तापून पेटू नये म्हणून. माणूस त्याला दिसतच नाही.

माणूस दिसतो तो आरसीसीबीला. त्याचं काम सहलीला मुलं नेणाऱ्या बाईंसारखं. जाताना चाळीस मोजली, येताना चाळीस भरली पाहिजेत. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला पाहिजे. एक पोरगं कमी भरलं की बस जागच्या जागी उभी! मुलगा कुठे गेला, झाडावर चढला की विहिरीवर गेला, हे नंतर. आधी बस थांबवायची. घरासाठीचा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा घ्यायचा. तेवढी तूट दिसली की तो ०.३ सेकंदाच्या आत वीज तोडतो.

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि मला वाटतं सगळं मर्म तिच्यातच आहे. आरसीसीबी असला आणि अर्थिंग नसलं तरी तो काम करतो. पण दिव्याच्या पत्र्यात वीज उतरली तर त्याला ते कळणार केव्हा? त्या विजेला जमिनीत जायला वाट मिळेल तेव्हा. हिरवी वायर असेल तर ती वाट तयारच असते. वीज उतरल्या क्षणी खटका पडतो, भिंतीजवळ कुणी नसतानाही. हिरवी वायर नसेल तर एकतर भिंत भिजायची वाट बघायची, नाहीतर कुणीतरी हात लावण्याची. म्हणजे दोष शोधण्यासाठी माणूस वापरायचा! तो बहुधा वाचेल, पण धक्का त्याला बसणारच, आणि शिडीवर असला तर खाली पडेल. ज्याच्यावर ही पाळी येईल तो घरचा असेलच असंही नाही. मराठीत आपण त्या हिरव्या वायरीला 'अर्थ' म्हणतो. ती कापली की बाकीच्या दोन वायरींना अर्थ उरत नाही, असा विनोद मी केला. विद्यार्थ्याला तो फारसा कळला नाही. असो.

उलट, नुसतं अर्थिंग असून आरसीसीबी नसेल तर? आमच्या जांभ्याच्या जमिनीत हेही पुरत नाही. पावसात ठीक, पण एप्रिल-मेमध्ये कातळ असा कोरडा पडतो की अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. समजा ५० ओहम झाला. २३० भागिले ५० म्हणजे ४.६ अँपिअर. सहाचा एमसीबी ढिम्म हलणार नाही, आणि दिव्याचा पत्रा बिनबोभाट जिवंत राहील. आरसीसीबीला मात्र हे ४.६ अँपिअर तीस मिलिअँपिअरच्या दीडशे पट; तो ताबडतोब पडेल. तेव्हा दोन्ही हवेत. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायची जुनी पद्धत आहे, ती आम्ही पाळतो. शिवाय मीटर लावून मोजूनही घेतो. आणि हो, आरसीसीबीवरचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं असतं. मी संकष्टीला दाबते, म्हणजे विसरायला होत नाही. पण त्या बटणाने फक्त खटका तपासला जातो, अर्थिंग नाही. अर्थिंग नसलेल्या घरातही ते बटण दाबल्यावर खटका व्यवस्थित पडतो.

पुढचं काम दोन दिवसांत झालं. नवे दिवे आयपी ६५ चे घेतले. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा; ६ म्हणजे धूळ अजिबात आत नाही, ५ म्हणजे पाण्याचा फवारा मारला तरी चालेल. आमच्या पावसाला तेवढं हवंच, कारण तो वरून कमी आणि आडवा जास्त येतो. उजेड पिवळसर निवडला, पांढऱ्याफटक दिव्यावर किडे फार येतात. दिव्याच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या फटी सिलिकॉनने बंद केल्या, खालची मोकळी ठेवली, म्हणजे आत ओल धरलीच तर तिला बाहेर पडायला वाट. हिरवी वायर स्क्रूखाली आवळली, आणि त्याने मला शिडीखाली उभं करून वर बोट दाखवत म्हटलं, "बाई, बघून घ्या." परीक्षेच्या पेपरवर सही करावी तशी मी मान हलवली.

त्याची काम करायची पद्धतही सांगण्यासारखी आहे. मेन बंद केल्यावर त्याने इन्व्हर्टरही बंद करायला लावला. हे फार जण विसरतात. मेन बंद, पण इन्व्हर्टरकडून वायरीत वीज आहेच. मग टेस्टर आधी गॅरेजच्या नव्हे, शेजारच्या घरातल्या चालू प्लगला लावून पाहिला, नंतर आमच्या वायरीला, आणि परत चालू प्लगला. टेस्टरच बिघडलेला असेल तर तो सगळीकडे 'वीज नाही' असंच सांगणार ना! आमची अॅल्युमिनियमची शिडी त्याने बाजूला ठेवली आणि स्वतःची लाकडी आणली. वीज गेलेली असताना 'आत्ता लाइट नाहीच आहे, उरकून घेऊ' म्हणून काम करायचं नाही, हाही त्याचा नियम. बोर्डाची लाइट सांगून येत नाही.

बाहेरचे दिवे आम्ही मुद्दाम इन्व्हर्टरवर घेतले नाहीत. इन्व्हर्टर बॅटरीवर चालू असताना मेनवरचा आरसीसीबी त्या लाइनची राखण करेलच असं नाही, असं त्याने समजावलं. मग लाइट नसताना विहिरीकडे जाताना हातात टॉर्च घ्यायचा. तेवढी सवय लागलीय आता.

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण बुडालं, तेव्हा कितीतरी घरांत बोर्ड पाण्याखाली गेले होते. पाणी ओसरल्यावर घाईने मेन चालू करायचा मोह होतो. बुडालेलं वायरिंग सुकवून, मीटरने तपासून घेतल्याशिवाय मेनला हात लावू नये, हे जाता जाता सांगून ठेवते. आणि देव न करो, कुणाला विजेने धरलंच तर धावत जाऊन त्याला हात लावू नका. आधी मेन. ते जमत नसेल तर कोरडी काठी. कपडे वाळत घालायच्या तारेत वीज उतरली आणि वाचवायला गेलेलं माणूसही गेलं, अशी बातमी आपण दर पावसाळ्यात वाचतोच. ती तारसुद्धा याच भिंतींना बांधलेली असते. तार काढा, नायलॉनची दोरी लावा.

भाच्या-पुतण्यांनो, तुमच्यापैकी ज्यांची गावाकडे घरं आहेत त्यांच्यासाठी खास. मे महिन्यात आंबे खायला जाल तेव्हा जाणत्या वायरमनला अर्धा दिवस बोलवा. बाहेरच्या भिंतीवरचा प्रत्येक दिवा उघडायला लावा आणि चार प्रश्न विचारा. वायर खालून आहे का? जोड डबीत आहे का? स्विच फेजवर आहे का? हिरवी वायर स्क्रूला लागलेली आहे का? आणि बोर्डावर तो रुंद खटका नसेल तर याच वर्षी बसवून घ्या. एका साडीच्या पैशात काम होतं.

आमचा खटका त्यानंतर एकदाच पडला, ऑगस्टमध्ये. हे बोर्डाकडे निघाले, मी म्हटलं, थांबा, आधी कारण शोधू. गीझर निघाला. तोही बदलला.